परकारचाचांची अमेरिका

परकारचाचा जेवताना अमेरिका बघायचे. आजची नव्हे, आजच्या अमेरिकेशी त्यांना काडीचं देणंघेणं नव्हतं. त्यांची अमेरिका दुसरं महायुद्ध संपल्यानंतरच्या आठ-दहा वर्षांतली, काळीपांढरी, पूर्वी थिएटरात सिनेमाच्या आधी दाखवायचे त्या न्यूजरीलमधली. जुन्या फिल्म जपणाऱ्या कुठल्याकुठल्या संस्थांनी ती रिळं आता इंटरनेटवर टाकून ठेवलीत. कुवेतमध्ये, अहमदीतल्या आमच्या ऑफिसात जेवणाची सुट्टी झाली, की चाचा कानांना हेडफोन लावायचे, डबा उघडायचे आणि बांगड्याचं कालवण भातावर ओतून न्यूयॉर्कची परेड बघत बसायचे. अख्ख्या मजल्यावर बांगड्याचा वास. मी नाशिकची, शाकाहारी, त्यात तोंडाची फटकळ. पहिल्याच आठवड्यात तक्रार करणार होते, पण त्याआधी चाचांनीच मला झापलं.

झालं असं, की एका ड्रॉइंगच्या मूळ प्रतीवर मी पेनानं एक आकडा लिहिला. ऑफिसातली सगळी ड्रॉइंगं आणि कागदपत्रं चाचांच्या ताब्यात असायची. त्यांनी तो कागद उजेडाकडे धरला, माझ्या टेबलापाशी आले आणि चारचौघांसमोर हिंदीत विचारलं, की हा कागद तुमच्या घरचा आहे का. मी पुटपुटले, "काय माणूस आहे." मराठीत. त्यावर त्यांचा चेहरा एकदम बदलला. "माणूस रत्नागिरीचा हाय, बायो," ते म्हणाले. "पन कागदावर पेन चालवायचा नाय." त्या दिवसापासून मी बायो झाले, ती शेवटपर्यंत. वर्षं फार झाली नाहीत, कोविडच्या आधीची पाच-सहा वर्षं धरा.

तेव्हा चाचा सत्तरीला टेकले होते. पांढराशुभ्र अर्ध्या बाह्यांचा शर्ट, त्यावर टाय, मेंदीनं लाल केलेले केस आणि अत्तर. चाळीस वर्षं कुवेतमध्ये काढलेली. बायको आणि आई गावी, खाडीकाठच्या घरात. वर्षातून एक महिना हे तिकडे जायचे. हसताना आवाज नाही, नुसते खांदे हलायचे. रागावले की मात्र आवाज थेट गेटवर ऐकू जायचा. ऑफिसातली केरळी मुलं त्यांना मागून "न्यूजरील" म्हणायची आणि हे त्यांना ठाऊक होतं.

मला वाटलं, म्हाताऱ्याचा छंद आहे. कोणी पोस्टाची तिकिटं जमवतं, हे परेड बघतात. एकदा मी डबा घेऊन त्यांच्या शेजारी जाऊन बसले. पडद्यावर कुठल्याशा गावचा मेयर नव्या पुलाची फीत कापत होता. चाचा त्याच्याकडे ढुंकूनही बघत नव्हते. त्यांचं बोट पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात होतं, जिथे टोप्या घातलेली चार-पाच माणसं उभी होती. तिथे त्यांनी फिल्म थांबवली, चष्मा वर केला, नाक पडद्याला लावलं, मग मान हलवून पुन्हा सुरू केली. फीत कापणारा मेयर, पळणारे घोडे, नाचणाऱ्या पोरी, सगळं सोडून हा माणूस प्रत्येक गर्दीतले चेहरे एकेक करून तपासत होता. मी विचारलं, "चाचा, कोणाला शोधताय?"

"बापाला," ते म्हणाले आणि भातातला काटा काढत राहिले.

त्यांची कोकणी मला नीट बोलता येत नाही, म्हणून बरंचसं माझ्याच मराठीत सांगते. चाचांचे वडील बोटीवर खलाशी होते. त्या किनाऱ्यावर घरटी एक माणूस बोटीवर असायचाच. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी, युद्ध नुकतंच संपलं होतं, ते मालवाहू बोटीवर चढले ते न्यूयॉर्कला पोचले. तिथून वर्षभर कागद येत होते. चाचांच्या गावात पत्राला कागदच म्हणतात. मग कागद थांबले. बोटीच्या कंपनीनं कळवलं, की तुमचा माणूस बोट सोडून पळाला. तसे पुष्कळ पळायचे म्हणे, न्यूयॉर्कला उतरायचे आणि गर्दीत मिसळून जायचे. चाचा तेव्हा पाळण्यात. बापानं त्यांना पाहिलं नाही आणि त्यांनी बापाला पाहिलं नाही.

गावानं निकाल लावून टाकला: मडम ठेवली असणार. शाळेत चाचांना पोरं "अमेरिकन" म्हणायची. आईचं वय अठरा-एकोणीस. वडीलधाऱ्यांनी मौलवीला घरी आणलं, की हा निकाह मोडून घ्या, पोरीचं पुन्हा लग्न लावू. आई दाराच्या आडून म्हणाली, "माजा घोव हाय." मौलवी चहा पिऊन परत गेले. पुन्हा तो विषय काढायची कोणाची छाती झाली नाही. आईचं म्हणणं एवढंच होतं, की माणूस मेला तर बायकोच्या काळजाला कळतं आणि सोडून गेला तरी कळतं. ती म्हणायची, मला दोन्हीतलं काही कळलेलं नाही. म्हणजे तो कुठेतरी अडकलाय. आजारी असेल, तुरुंगात असेल, डोक्यावर परिणाम झाला असेल, पण अडकलाय. शबे-बरातीला घरच्या मेलेल्यांच्या नावानं फातिहा व्हायचा तेव्हा आई त्याचं नाव घेऊ द्यायची नाही. जिवंत माणसाचं नाव मेलेल्यांत कसं घ्यायचं?

आता कोणी म्हणेल, न्यूजरीलमध्ये बाप शोधणं हा शुद्ध वेडेपणा. मीही म्हटलं, तोंडावर म्हटलं. तेव्हा चाचांनी मला नव्वद सालची गोष्ट सांगितली.

इराकी सैन्य कुवेतमध्ये घुसलं तेव्हा चाचा इथेच होते. घराशी संपर्क तुटला. बाकीच्यांबरोबर ते इराकमार्गे जॉर्डनच्या वाळवंटातल्या छावणीत पोचले. गावी आठवडेच्या आठवडे काही खबर नाही. त्यांची बायको, आमची जुबेदाचाची, तेव्हा शेजारच्या घरी रोज टीव्हीवरच्या बातम्या बघायला जायची. एका रात्री त्या छावणीचं चित्रण दाखवलं. पुढे कोणी साहेब माइकसमोर बोलत होता, आणि मागे पाण्याच्या रांगेत, अगदी कडेला, एक माणूस बगळ्यासारखा एका पायावर उभा राहून दुसऱ्या पायानं पोटरी खाजवत होता. जुबेदाचाची ओरडली, "माजा नवरा." चेहरा दिसलाही नव्हता. हे घरी पोचले त्याआधीच घरानं गोड वाटलं होतं.

"बायो, तवापासून मना समजला," चाचा म्हणाले. "क्यामेऱ्याला म्हायत नसता त्यानं काय काय धरलाय. मी कडेला सापडलो, तर बा का नाय सापडायचा?"

माझं तोंड बंद करणारी माणसं कमी आहेत. त्यात हे एक.

मग मीही अधूनमधून शेजारी बसायला लागले. वास सवयीचा झाला. त्या रिळांमधली अमेरिका चाचांना आपल्या वाडीसारखी पाठ होती. सैनिक बोटीतून उतरतायत, बायका धावत जाऊन गळ्यात पडतायत; तिथे चाचा तोबा तोबा म्हणत चुंबन संपेपर्यंत पडद्यावर हात धरायचे, पण बोटांच्या फटीतून मागची गर्दी बघणं चालूच. एकसारख्या घरांच्या रांगा उभ्या राहतायत, दारात मोटार, पुढे हिरवळ. उंच टाचांचे बूट घालून बाई स्वयंपाक करतेय, फ्रीज उघडतेय आणि फ्रीजकडे बघून हसतेय. "आमच्याकडे फ्रीज उघडला की चाची शिव्या देते," ते म्हणायचे. बाजारात बायका गाडी ढकलत सामान घेतायत. आणि शाळेतली पोरं अणुबॉम्ब पडला तर काय करायचं म्हणून बाकाखाली शिरतायत. ते बघून चाचा हसले नाहीत. "लोक घाबरलेले हायत, बघ," ते म्हणाले. "एवडा सगळा हाय घरात, तरी घाबरलेले हायत." निवेदकाचा आवाज मात्र सदान्‌कदा लग्नघरातल्यासारखा. आग लागो, संप होवो, पूर येवो, तो आपला खुशीत.

एका शुक्रवारी चाचांनी मला आणि माझ्या नवऱ्याला गाडीत घातलं आणि जुन्या अहमदीत फिरवलं. तेल कंपनीनं साहेबांसाठी त्याच काळात बांधलेले बंगले: बैठे, पांढरे, कुंपणाला मेंदी, पुढे पाणी पाजून पाजून जगवलेली हिरवळ. वाळवंटात दुसरीकडून उचलून आणून ठेवलेलं गाव. चाचा एका बंगल्यासमोर गाडी थांबवून उतरले. "अगदी तसाच," म्हणाले. मला वाटलं, आता काही गमतीचं सांगतील. ते कितीतरी वेळ त्या दाराकडे बघत राहिले. मग म्हणाले, तिकडे त्याला पोरं झाली असतील तर आता म्हातारी झाली असतील. मी म्हटलं, चाचा, असं का धरून चालायचं? ते म्हणाले, "आई धरत नाय. मी धरतो." आतून एक कुवेती बाई बाहेर आली, काय हवंय म्हणून तिनं अरबीत विचारलं. चाचांनी अरबीतच माफी मागितली आणि आम्ही निघालो. परतीच्या वाटेवर नवरा क्रिकेटबद्दल बोलत होता.

तेव्हा मला कळलं, की हा शोध दोघांचा असला तरी एक नाही. आईला माणूस परत हवा होता. चाचांना निकाल हवा होता.

आणि तो दिवस आला. हिवाळ्याचे दिवस, बाहेर धूळ. चाचांनी मला हाक मारली नाही, नुसते माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. टाय सैल झालेला. मी त्यांच्या मागोमाग गेले. पडद्यावर न्यूयॉर्कमध्ये पडलेलं बर्फ होतं. एक जाडा गृहस्थ घसरतो, त्याची हॅट वाऱ्यावर उडते, तो तिच्या मागे धावतो आणि फुटपाथवरचे लोक हसतात. त्या लोकांत उजव्या टोकाला एक सावळा माणूस, डोक्यावर खलाशाची लोकरी टोपी, अंगात दुसऱ्याच्या मापाचा कोट. हसू आल्याबरोबर त्यानं तळहात तोंडावर धरला. तीन-चार सेकंद, बस्स.

चाचांनी पाकिटातून फोटो काढला. लग्नाआधी मुंबईच्या स्टुडिओत काढलेला, एकुलता एक. मी दोन्हीकडे आळीपाळीनं पाहिलं. कपाळ तेच, कान तेच, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला काहीही वाटलं असतं. पण चाचांची खूण वेगळी होती. बापाचा पुढचा दात तुटका होता, आणि तो हसताना हमेशा तोंडावर हात धरायचा, हे आईनं त्यांना लहानपणापासून हजार वेळा करून दाखवलं होतं.

त्या रिळाचं साल शेवटच्या कागदानंतर तीन वर्षांनी पडत होतं.

म्हणजे अडकलेला नव्हता. आजारी नव्हता. भर रस्त्यात कोट घालून उभा होता आणि दुसऱ्याची हॅट उडालेली बघून हसत होता. मी म्हटलं, चाचा, चार दिवस थांबा, आईला एवढ्यात दाखवू नका. त्यांनी ऐकलं नाही. सत्तर वर्षं बाई वाट बघतेय, तिच्यापासून लपवणारा मी कोण, असं म्हणाले. त्यात राग होता. बापावरचा राग आयुष्यभर साठवलेला, आणि आज पुरावा हातात.

त्यांनी ते तीन-चार सेकंद जुबेदाचाचीच्या फोनवर पाठवले. आई तेव्हा नव्वदीच्या उंबरठ्यावर, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, पण नजर शाबूत. चाचीनं फोन तिच्यापुढे धरला. आईनं बघितलं. पुन्हा लाव म्हणाली. पुन्हा बघितलं. म्हणाली, तोच आहे. चाचीनं तिला साल सांगितलं, जसं चाचांनी बजावलं होतं तसं. आई एवढंच म्हणाली:

"हसताय तो."

त्यानंतर ती नवऱ्याबद्दल बोलायचीच थांबली. इतकी वर्षं रोज संध्याकाळी पडवीत बसून पतवंडांना त्याच्या गोष्टी सांगायची, त्यानं खाडीत पैज कशी मारली, लग्नात कसा रुसला. ते सगळं बंद. पडवीत येणं बंद. पेजेशिवाय काही घेईना. चाची फोनवर चाचांना बोलली, आणि चांगलं बोलली. म्हणाली, "तुमच्या बापानं तिला सोडली तेव्हा ती जगली. आता तुम्ही तिला मारलीत." आणखी एक म्हणाली, ते चाचांनी मला कितीतरी दिवसांनी सांगितलं: की बापाचा हिशेब घेणारे तुम्ही कोण, तुम्ही तरी चाळीस वर्षं कुठे होता?

चाचा खंगले. दाढी वाढली, टाय गेला. पण दुपारचं बघणं थांबलं नाही, उलट वाढलं. आता त्यांना बापाचं पुढचं आयुष्य हवं होतं, ती मडम, ते घर, ती पोरं. मी एकदा स्पष्ट म्हणाले, की आता पुरे करा, कशाला जखमेवर मीठ चोळून घेताय? ते म्हणाले, अर्धा बघून कसं सोडू?

आणि असंच बघताना एका दुपारी त्यांच्यासमोरून तीच हॅट उडाली.

त्यांना आधी वाटलं, चुकून जुनंच रीळ लावलं. पण निवेदकाचे शब्द वेगळे होते, पुढची-मागची दृश्यं वेगळी होती. त्यांनी साल बघितलं आणि उठून माझ्याकडे आले. माझ्या टेबलावर दोन पडदे असायचे. आम्ही एकावर हे लावलं, एकावर ते. तोच जाडा, तीच हॅट, तीच हसणारी माणसं, आणि उजव्या टोकाला तोच तळहात तोंडावर. जसंच्या तसं. फक्त हे रीळ तीन वर्षं आधीचं होतं. ज्या हिवाळ्यात घरी कागद येत होते, त्या हिवाळ्यातलं.

प्रकार सरळ होता. तीन वर्षांनी पुन्हा बर्फ पडलं तेव्हा न्यूजरीलवाल्यांनी नवी दृश्यं थोडी घेतली आणि जुनं एक मध्ये चिकटवून दिलं. लोक हसले होते ना आधी, मग पुन्हा हसतील. बर्फासारखं बर्फ, कोणाला कळतंय? मला त्या अनोळखी माणसाचा इतका संताप आला, की सांगता सोय नाही. कुठल्याशा खोलीत कात्री घेऊन बसलेल्या त्या बाबानं आपले दोन तास वाचवले, आणि इकडे खाडीकाठी एका म्हातारीनं अन्न सोडलं.

चाचांना संताप आला नाही. ते खुर्चीवर बसले आणि रडले. चांगलं मोठ्यानं, ऑफिसात, सगळ्यांसमोर. केरळी पोरांपैकी एकानं पाणी आणून ठेवलं. "तो आमचाच असताना हसला," ते म्हणत होते. "आमचाच असताना."

त्यांना त्याच दिवशी विमान पकडायचं होतं, पण राहण्याच्या परवान्याचं, इकाम्याचं, नूतनीकरण चालू होतं आणि पासपोर्ट कंपनीच्या मंदूबकडे, म्हणजे सरकारी कामं करणाऱ्या माणसाकडे, अडकलेला. आठवडा तरी जाणार होता. चाचीनं सांगितलं, की आठवड्याचा भरवसा नाही. तेव्हा दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आम्ही मीटिंगच्या खोलीत लॅपटॉपवरून गावी व्हिडिओ कॉल लावला. दोन्ही रिळं दाखवायची होती म्हणून मला बरोबर घेतलं होतं.

आईला मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. उशीला टेकवून बसवलेली, एवढीशी. गळ्यात काळ्या मण्यांचा लच्छा, त्यांच्यातलं सौभाग्याचं लेणं. मी दृश्यं दाखवली, पण तिनं पडद्याकडे बघायला नकार दिला, तोंड भिंतीकडे केलं. मग चाचा नुसते बोलले. त्यांचं साधंसोपं बोलणं मला शब्दन्‌शब्द समजलं.

"आई, ती फिल्म जुनी हाय. लोकांनी मागाहून जोडली. त्याचे कागद येत होते ना, तवाचाच हाय तो."

आईची मान हळूहळू इकडे वळली. "मग मागाहूनचा?"

"मागाहूनचा नाय."

"कदीच?"

"इतकी वर्सा बघतोय आई. कदीच नाय."

ती बघत राहिली. मुलाकडे की नुसती हातातल्या फोनकडे, ते मला कळेना. मग तिनं विचारलं, "म्हनजे गेला?"

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मला ठाऊक होतं आणि त्यांनाही ठाऊक होतं, की यातून तसं काहीच निघत नाही. एक दृश्य जुनं निघालं, एवढंच. त्यानंतर तो माणूस न्यूयॉर्कच्या कुठल्याही रस्त्यावर पन्नास वर्षं जगलेला असू शकतो, कोणी कॅमेरा तिकडे वळवला नसेल, झालं. इतक्या घाईत इतकं सगळं माझ्या डोक्यात आलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी जीभ आवरली.

"होय," चाचा म्हणाले. "गेला, आई."

"मग असा सांग ना," आई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, दुःखही फारसं नव्हतं. एखादं ओझं कोणी खाली उतरवून घेतल्यावर माणूस बोलतो तसं ती बोलली. तिनं लच्छा स्वतःच्या हातानं काढून सुनेच्या हातात दिला आणि पांढरी ओढणी मागितली.

ती इद्दतीला बसली. नवरा वारल्यावर चार महिने दहा दिवस बाई घराबाहेर पडत नाही, नटत नाही, परक्या पुरुषासमोर येत नाही, ती इद्दत. गावच्या मौलवींनी समजावलं, की मयत इतकी जुनी, तिची इद्दत केव्हाच उलटून गेली, तुम्हाला बसायची गरज नाही. आईनं आतून निरोप पाठवला, की मौलवीसाहेबांना केव्हा कळलं ते त्यांना ठाऊक, मला काल कळलं. बसली. वाडीतल्या बायका रीतीप्रमाणे भेटायला आल्या, जेवण घेऊन आल्या. सत्तर वर्षांत ज्यांच्या आज्यांनी आणि सासवांनी तिच्या पाठीमागे नाकं मुरडली होती, त्या सगळ्या येऊन तिच्या शेजारी बसल्या. फातिहा झाला, त्यात त्याचं नाव घेतलं गेलं. आणि ती पुन्हा बोलायला लागली. चाचा आठवड्यानं पोचले तेव्हा ती भाकरी खात होती आणि आलेल्या बायकांना सांगत होती, की त्यानं बर्फ बघितलं होतं, मरायच्या आधी बर्फ बघितलं आणि खूप हसला.

इद्दत पुरी झाली नाही. दोन महिन्यांच्या आतच ती झोपेत गेली. चाचीनं चाचांना सांगितलं, की सासूला रडताना मी कधी बघितलं नव्हतं, शेवटच्या दिवसांत मात्र ती रोज थोडी रडायची आणि बरी दिसायची.

चाचा उरलेला करार पुरा करायला परत आले. डबा तोच, बांगडा तोच, टाय पुन्हा आला. पण जेवताना ते आता खिडकीबाहेर बघायचे. लॅपटॉप मिटलेला. केरळी पोरांनाही चुकल्यासारखं व्हायचं. एकानं मला विचारलं, की न्यूजरील बंद का पडलं.

काही महिन्यांनी ते कायमचे निघाले. ऑफिसात केक कापला, मॅनेजर चार शब्द बोलला, सगळ्यांचे फोटो झाले. चाचांनी टेबल स्वतः पुसलं. लॅपटॉप परत करायच्या आधी त्यांनी त्यातलं सगळं पुसून टाकलं, तासन्‌तास बसून जमवलेली ती सगळी रिळं, कापून ठेवलेले ते हजारो चेहरे. मी शेजारीच उभी होते. मला ते बघवेना. इतक्या वर्षांचं काम असं एका बोटानं जातंय.

खाली गाडी उभी होती. जिन्यापर्यंत मी त्यांची बॅग नेली. म्हटलं, चाचा, तो फोटो मला पाठवून ठेवा. दुपारी मी रिकामीच असते, मी बघत जाईन. कुठे दिसले तर तुम्हाला कळवते.

चाचा दोन पायऱ्या उतरले होते. तिथेच थांबले, कठड्याला धरून मागे वळले. इतकी वर्षं हा माणूस माझ्यावर ओरडला, मला झापलं, पण माझ्याकडे कधी घाबरून बघितलं नव्हतं.

"नको गो, बायो," ते म्हणाले. "आता सापडला, तर आईला मी काय सांगू?"